दोन टनांचा महाराष्ट्र

संयुक्त महाराष्ट्राचं भवितव्य तेव्हा माझ्या हातात होतं. आमच्या चाळीने महाराष्ट्राचा दोन टनी प्लास्टरचा नकाशा बनवला होता. तो ट्रेलरवर चढवून परळहून शिवाजी पार्कच्या सभेला न्यायचा होता आणि ट्रेलर ओढायला ट्रक निवडण्याचं काम, मी शाळामास्तर आणि इंटर सायन्सपर्यंत शिकलेला असल्यामुळे, माझ्याकडे आलं.

तीन ट्रक मी नापास केले.

"मास्तर, ओढतोय ना? मग झालं की!" चाळीतला जयवंत वैतागला.

"ओढेल रे. पण टिळक पुलाच्या उतारावर ब्रेक लागला नाही, तर मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी होईल!"

जयवंत पुढचा ट्रक शोधायला निघाला.

चौथा ट्रक पास झाला. वजनदार, ब्रेक नवे, हूक मनगटाएवढा जाड. ड्रायव्हर शिवा तर चळवळीतला कट्टर माणूस.

सभेच्या दिवशी शिवा चालत आला.

"ट्रक कुठाय?"

"आज? आज हरताळ नाय का, मास्तर?" त्याने खिशात जपून ठेवलेलं पत्रक उलगडून माझ्यापुढे धरलं. 'सभेच्या दिवशी मुंबईत एकही चाक फिरणार नाही!'



पत्रक मीच लिहिलं होतं.