मुळांवरचा थर

रोपटं मरायला का टेकलंय हे बघायला तिने बाल्कनीतली कुंडी उपडी केली. मुळांना शेंबडासारखा पांढरट, बुळबुळीत थर चिकटला होता. बोट लावलं तर तार सुटली.

"पाणी जास्त झालं असेल, नाहीतर बुरशी," नवरा आतून म्हणाला. "टाकून दे ते."

श्वास रोखून ती वाकली, पण वास आलाच. नासलेल्या दुधाचा, आणि त्यात व्हॅनिलाचा. सासूबाईंच्या ताकदीच्या पावडरीचा. रोज पेलाभर दुधात ती पावडर कालवून ठेवायची, तरी सासूबाई वाळतच चालल्या होत्या. नको ते कुंडीत ओतायची त्यांची जुनी खोड. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाब विचारायला ती तरातरा त्यांच्या खोलीकडे गेली आणि दारातच थबकली.

रागाच्या भरात ती विसरलीच होती, अर्धांगवायूनंतर सासूबाईंना गालावरची माशीसुद्धा हाकलता येत नव्हती.

नवरा उशाशी बसून त्यांचे कोरडेठाक ओठ पुसत होता. "आजही सगळं प्यायली बघ," रिकामा पेला दाखवत तो म्हणाला. मग तिच्या बोटांकडे बघून त्याने तोंड वाकडं केलं.

"आधी ते हात धुऊन ये. बघूनच किळस येते."