शून्यावर बसलेला आकडा

“भावाकडे गेलीस की डोकं थांबतं, इथे आलीस की धरतं,” तो म्हणाला. “हे दुखणं डॉक्टरचं नाही, माहेरचं आहे.”

“चेष्टा पुरे,” बायको पांघरुणातून म्हणाली. “मळमळतंय मला. त्या हीटरचंच काहीतरी आहे.”

तिच्या भावानेही फोनवर तेच म्हटलं होतं. “भाऊजी, खिडक्या बंद, त्यात गॅसचा हीटर. चार दिवस घेऊन जातो तिला.”

मेहुण्याने अक्कल शिकवावी, आणि तीही विषारी वायूंची! काचेच्या तुकड्यांवर टिन ऑक्साइडचे थर चढवण्यात त्याची अर्धी हयात गेली होती. केसाहून पातळ थर, पण तापवला की ज्या वायूला वास नाही तोही पकडायचा.

संध्याकाळी तो प्रयोगशाळेतलं, तसाच थर बसवलेलं वायू मोजायचं यंत्रच घरी घेऊन आला. झोपायच्या खोलीत हीटर दुपारपासून चालू होता. त्याने यंत्र उशाशी ठेवलं, थर तापू दिला आणि समोरची हवा शून्य धरायचं बटण दाबलं. प्रयोगशाळेत ते शुद्ध हवेच्या सिलिंडरपुढे दाबायचे. घरात तसला सिलिंडर कोण ठेवतो?

आकडा शून्यावर बसला, तो तासभर हलला नाही. शेजारी बसून त्याचंही कपाळ ठणकायला लागलं. मेहुण्याच्या नावाने, दुसरं काय!

“बघ. सासरची हवा स्वच्छ आहे.”

“यंत्राला डोकं नाही, म्हणून दुखत नाही.”

“भावाला कळव, येऊ नकोस म्हणून.”

एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आज मुकाट्याने कळवलं.

तो नेहमीसारखा बाहेरच्या खोलीत, खिडकी उघडी टाकून झोपला. हीटरची ऊब त्याला सोसत नसे.

सकाळी तो आत डोकावला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. गालांवर चांगली लाली आली होती. कालपेक्षा रंग खूपच बरा.

“चहा ठेवू?”

उत्तर नाही. हिचा रुसवा त्याला नवा नव्हता. रुसवा निवेपर्यंत गप्प राहावं, हे तो संसारात शिकला होता. त्याने उशाचं यंत्र तसंच चालू पिशवीत टाकलं, तिला थंडी वाजू नये म्हणून दार नीट ओढून घेतलं आणि जिना उतरला.

रस्त्यावर मोकळा वारा होता. बंद करायला म्हणून त्याने यंत्र बाहेर काढलं. आकडा शून्याच्या खाली तीनशेवर गेला होता, आणि अजून उतरत होता.