चक्कर

घरमालकीणबाई नातीला घेऊन खाली आल्या, तेव्हा सून सासूबाईंच्या प्लास्टरमधल्या हाताखाली उशी सरकवत होती. तिनं उशी नीट केली, खुर्ची पुढे ओढली आणि चहाचं आधण ठेवलं.

घरमालकीणबाईंना ती ताई म्हणायची, आणि नुसतं म्हणायची नाही, मानायचीही. नवरा जहाजावर, महिनोन्‌महिने घराबाहेर. नवख्या गावात सासूबाईंना घेऊन राहायचं आणि वर नोकरी करायची, तर जिना चढला की कुणीतरी आहे एवढा तिला आधार होता. ताई वेळीअवेळी डोकावायच्या, ती कामावर असली की म्हातारीची चौकशी करून जायच्या.

म्हणूनच सासूबाईंनी पहिल्यांदा सांगितलं, की बाथरूममधला नळ शॉक मारतो, तेव्हा सून पदर खोचून तशीच वर गेली होती. ताई लगेच म्हणाल्या, वायरमनला बोलावते. चार दिवसांनी त्यांनीच सांगितलं, की तो येऊन सगळं बघून गेला, कुठे काही नाही. सासूबाई म्हणाल्या, मी दिवसभर घरातच असते, घरात कुणी आलं नाही. सुनेला वाटलं, विसरल्या असतील. ताईंनी आवाज खाली आणून तिची समजूत घातली होती. काकूंचं वय झालं गं, आमच्या आईलाही शेवटी शेवटी असेच भास व्हायचे.

तरी सुनेनं स्वतः नळ धरून पाहिला. एकदा नाही, रोजच धरत होती की ती. तिला कधी काही झालं नाही. मग डॉक्टर झाले, चक्करेच्या गोळ्या झाल्या. सासूबाई अंघोळीला टाळाटाळ करायला लागल्या, तशी ती चिडायला लागली. लहान मुलासारखं काय करता, म्हणायची. एके दिवशी बाथरूममधून धप्पकन आवाज आला. मनगट मोडलं होतं. दवाखान्यात कसं पडलात म्हणून विचारलं, तर सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत सुनेनंच सांगून टाकलं, चक्कर आली. त्यानंतर सासूबाईंनी नळाचं नाव काढलं नाही.

आता ताई खुर्चीत बसून काकूंच्या हाताची विचारपूस करत होत्या. नात चॉकलेट खात घरभर फिरत होती. पाचही बोटं बरबटली होती, आणि आता ती पलंगावरच्या चादरीकडे निघाली होती. सून हसली. म्हणाली, "जा बाळा, तो बघ आत नळ आहे. हात धुऊन ये."

पोर वळली आणि आत धावली.

ताईंचे गुडघे गेलेले. उठताना त्यांना कुणाचा तरी हात लागायचा. पण आत्ता त्या कशा उठल्या ते सुनेला कळलंच नाही. कपबशी खाली आदळली, चहा सांडला, आणि ताईंनी बाथरूमच्या दारातच नातीचा फ्रॉक मागून घट्ट धरला होता.

"त्याला हात नाही लावायचा," त्या नातीला म्हणाल्या. "आपण वर जाऊन धुऊ."

मग मागे वळल्या. सून बघतच होती.

"अनवाणी आहे गं ती," ताई म्हणाल्या.

सुनेनं आपल्या पायांकडे पाहिलं. पायात रबरी चपला होत्या. राहायला आल्याच्या दिवशी ताईंनीच आणून दिल्या होत्या. फरशी निसरडी आहे, बाथरूममध्ये जाताना घालत जा, म्हणाल्या होत्या. काय माया आहे, असं तिला तेव्हा वाटलं होतं. सासूबाईंसाठीही एक जोड होता, पण त्यांनी जन्मात कधी घरात चप्पल घातली नव्हती.

"वायरमन आला होता का, ताई?"

ताई नातीची बोटं आपल्या पदराला पुसत राहिल्या. एकेक बोट. "आला होता की. तुम्ही राहायला यायच्या आधी. सगळी वायरिंग उपटावी लागेल म्हणाला." मग घाईघाईनं बोलायला लागल्या. करून घेणारच होते, पण सगळं घर खणून ठेवायचं म्हणजे काय खेळ आहे, मुलगी माहेरपणाला आलेली, ती एकदा जाऊ दे म्हटलं. आणि सांगितलं असतं तर तुम्ही उगाच घाबरला असता. मनाला लावून घेऊ नकोस.

ताईंनी नातीला कडेवर घेतलं, तसल्या दुखऱ्या गुडघ्यांनीच, आणि कठड्याला धरून हळूहळू जिना चढून गेल्या.

तिनं आधी गिझरचा खटका बंद केला. मग मेन स्विच खाली ओढला. पंखा गरगरत थांबला. फरशीवरचा चहा पुसला, फुटलेली बशी गोळा केली. आणखी काही करण्यासारखं उरलं नाही, तेव्हा ती पलंगाजवळ आली आणि खालीच बसली. सासूबाई खिडकीकडे बघत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"इतकी खोटी निघाली बाई," सून म्हणाली. "मी सख्खी बहीण मानत होते हिला."

सासूबाईंनी खिडकीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"तिचं मला काही वाटत नाही," मग त्या म्हणाल्या. "ती परकीच होती."