गुपिताची हद्द

“सांजच्याला दाजीला संपवतो, मॅडम,” रणधीर शांतपणे म्हणाला आणि पिशवीतला कोयता त्यानं टेबलावर ठेवला. कागलच्या कारखान्यात राबणारा हा तरुण सहा महिने पद्मजाकडं समुपदेशनाला येत होता. दाजी बहिणीला कसा मारतो, हे पद्मजानं रणधीरच्याच तोंडून ऐकलं होतं. त्या माणसाला वाचवणं तिच्या जिवावर आलं, तरी तिनं फोन उचलला. “इथलं बोलणं मी बाहेर नेत नाही. पण कुणाच्या जिवाला धोका असला, की कायद्यानं ते बंधन संपतं. तुझ्यासमोरच पोलिसांना कळवते.” रणधीर कोयता उचलून दाराशी गेला. “बस,” ती म्हणाली. तिचं बोट नंबरावरच होतं. त्यानं दाराची कडी धरली. मग पाठमोराच म्हणाला, “लावा फोन. पर माझा न्हाय, दाजीचा पत्ता सांगा. आक्का अजून तिथंच कोंडलेली हाय.”