दुसऱ्याच्या हातची काडतुसं

होणाऱ्या जावयाला, ट्रेंटला, रीतभात म्हणून नाही, अशी वर्डाबाईंची तक्रार होती. मोंटानाच्या रानात अस्वलं फिरतात, म्हणून त्यांनी जड शिशाच्या गोळ्या बसवून ट्रेंटच्या दणकट रिव्हॉल्व्हरसाठी सहा काडतुसं स्वतः भरली. जेवताना मायेने पुढे केली, तर पोराने ती अलगद मागे सरकवली.

"रागावू नका, पण दुसऱ्याने भरलेली मी झाडत नाही. दारू चिमूटभर जास्त पडली, तर बंदूकही जाते आणि बोटंही."

लेकीने, लिनेटने, उचललेला घास ताटात परत ठेवला. आईच्या हाताला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती.

"माझ्या हातावर भरवसा नाही, आणि माझी पोरगी हवी?"

ट्रेंटने खिशातून आपली काडतुसं काढली. "ही मी भरलेली. तुमच्याही रिव्हॉल्व्हरला हीच लागतात. झाडता?"

"खुळा का रे तू? सख्ख्या नवऱ्याने भरलेली मी कधी झाडली नाहीत, तुझी झाडू?"

लिनेट खुदकन हसली. आपण काय बोलून बसलो, ते वर्डाबाईंच्या ध्यानात आलं. मग त्यांनी सुरी उचलून भाजलेल्या हरणाचा सगळ्यात जाड तुकडा कापला आणि ट्रेंटच्या ताटात टाकला.



"जेव मुकाट्याने. लग्न जूनमध्ये करू. दहाही बोटं शाबूत राहतील असा जावई या खोऱ्यात दुसरा मिळायचा नाही."