उघडं लॉगिन

नवापूरच्या एका कचेरीतलं नेट सकाळपासून बंद होतं. वारलेल्या नवऱ्याच्या, हेमकांतच्या, जागी अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या चेतनानं आज पहिल्यांदाच कचेरीभर नेट वाटणाऱ्या स्विचला कन्सोल केबल जोडली आणि लॅपटॉपवर एंटर दाबलं. पासवर्ड विचारलाच नाही. शेवटच्या दिवशी हेमकांत लॉगआउट न करताच घरी आला होता. त्याचं लॉगिन अजून तसंच उघडं होतं. झोपलेल्या माणसाशेजारी बसून काम करावं, तशी ती जपून टाइप करत राहिली. बंद पडलेला पोर्ट सुरू झाला. पडद्यावर ओळ उमटली : आजची तारीख, आत्ताची वेळ, बदल करणारा हेमकांत.

शिपाई भटूकाका दारातूनच ओरडले, "नेट चालू व्हई गयं, ताई! तुम्ही करं का?"

चेतना त्या नावाकडे बघत होती.

"नही," ती म्हणाली. "त्यास्नी करं."