यलो

ज्योत्स्नाचा आज शेवटचा तास होता. चीनमधल्या नोकरदारांना ती मोबाइलवरून इंग्रजी शिकवायची, आणि लग्नानंतर ते बंद, असं मंगरूळपीरच्या सासरकडून बजावून सांगितलं होतं. बाहेर मांडवात बायका खोळंबल्या होत्या. तिला बोलवायला हळदीची वाटी घेऊन तिचे वडील जगदेव गुरुजीच दारात आले. लेकीला इंग्रजी शिकवलं होतं तेही त्यांनीच.

“बाबा, अजून एक डाव त्यायले म्हणून पाहा ना, पोरीले शिकवू द्या म्हणून.”

“आता कायले तोंड उघडू माय? त्यायनं लग्न मोडलं तं? एकदा तुहे हात पिवळे झाले का मी सुटलो.”

ती मोबाइलकडे वळली. आजचा शब्द होता ‘यलो’.

“तुमच्या भाषेत यलो म्हणजे अश्लील,” ती इंग्रजीत सांगू लागली, “पण इंग्रजीत माणसाला यलो म्हटलं, की तो भित्रा.”

“आणि टीचर, तुमच्या भाषेत?” पलीकडून एका बाईने विचारलं.

ज्योत्स्नाने वडिलांच्या हातातल्या वाटीकडे पाहिलं.

“अर्थ इंग्रजीतलाच. फक्त आमच्याकडे बाप तो रंग मुलीच्या हाताला लावतो.”